जाळ्याच्या रंगाची नवरी

—नाही, नाही, इतक्यात काढू नका, फोटोवाले! थांबा. तिचा पदर अजून खांद्यावर बसला नाही. वीतभर लाकडाची बाहुली, तिला कसली घाई? आणि तुमची एसटी तीनची, अजून उन्हं अंगणात नीट उतरली नाहीत. बसा, त्या ओट्यावर बसा. मी एवढी टाचणी... इथे... असं. बघा! बघा कशी उभी राहिली! लाजते आहे की नाही? लाकडाची आहे हो, मला ठाऊक आहे, सावंतवाडीहून मीच तिला पिशवीत घालून आणली — पण लाजते आहे. हसता काय? हसा. मीही सकाळपासून हसतोय. आमच्या आचऱ्यात कोणालाही विचारा, हा गुणाजी दिवसाला चार शब्द बोलतो, तेही सावकाश. आज काय झालंय कोण जाणे. तुम्ही घाटावरचे, आमची भाषा तुम्हाला कळायची नाही, म्हणून शाळेतलं बोलतोय. दुसरीपर्यंत जेवढं शिकलो तेवढं सगळं आज वापरून टाकणार.

मी शिंपी नाही हं. लोकांना वाटतं शिंपी. मी शिडं शिवणारा. बोटभर लांब दाभण, जाड दोरा, आणि मांडीवर हे एवढं कापड — अंगणभर. चाळीस वर्षं तेच. आता होड्यांना मशीन बसायला लागली, शीड कोण शिवून घेतो? मग सावंतवाडीच्या बाजारात ह्या बाहुल्या बघितल्या. ओळीने उभ्या, आणि अंगावर लुगडं काय, तर रंगाचं! रंगवलेलं! हात लावला तर थंडगार लाकूड. मला कसंसंच झालं बघा. म्हटलं, एवढी नटवलीत आणि नेसवलं नाहीत? आणली घरी एक. पहिलं लुगडं शिवलं तिला — आणि काय केलं सांगू? हात कुठे ऐकतोय, त्याला सवय शिडाची. लुगड्याच्या कडेला आतून दोर घालून शिवला मी! शिडाला घालतात तसा! लुगडं आपलं आपण उभं राहिलं. बाहुली बाजूला काढली तरी लुगडं उभंच! बाबली आहे ना, आमचा शेजारी, तो बघून म्हणतो, "गुणाजी, बाहुलेक शीड लावलंस? वारो इलो तर गोव्याक पोचतली!" महिनाभर बंदरावर तेच. मी दिसलो की, "गुणाजी, तुझी बाहुली खंय पोचली? वेंगुर्ला गाठल्यान काय?" हसू दे. मी दुसरं शिवलं. तिसरं शिवलं. चोळीची बाही माझ्या करंगळीत जात नाही, एवढीशी, आणि तिला आतून टीप. का? दिसत नाही तर टीप कशाला? अहो, तिला टोचेल ना.

तर मुंबईच्या एक बाई. किल्ला बघायला मालवणात आल्या होत्या, तिथल्या दुकानात माझी मासे विकणारी बाहुली होती, डोक्यावर पाटी, लुगड्याचा कासोटा, सगळं. बाई तिथेच थांबल्या म्हणे. किल्ला राहिला बाजूला! त्यांच्याकडे काचेचं कपाट आहे, त्यात ठिकठिकाणच्या बाहुल्या, ज्या त्या मुलखाच्या पोशाखात — आपल्या बाजूची एक नाही. मग पत्र आलं. हरिश्चंद्र मास्तरांनी वाचून दाखवलं, मी तीनदा वाचायला लावलं. नवरी करा. आधी तिचा फोटो पाठवा, एक समोरून, एक पाठीमागून. पसंत पडली तर मागवून घेऊ. म्हणजे बघा, फोटोवाले — मुलगी दाखवायचाच कार्यक्रम की हो हा! आणि मुलीचा बाप मी! रात्री झोप नाही, जेवताना भातात ताक ओतायचं ते पाण्याच्या तांब्यात ओतलं. पसंत पडली तर आचऱ्याची पोर मुंबईत, काचेच्या कपाटात. नाही पडली तर... नाही, पडणारच. तुम्ही नीट काढायचा फोटो, एवढंच तुमच्या हातात. बाकी सगळं झालंय.

हो, झालंय, पण कसं झालं ते विचारू नका. नाही, सांगतोच. मालवणातून हिरवंगार कापड आणलं होतं, नवरीचं म्हणजे हिरवंच. शिवलं. सुरेख झालं. मग माझ्या मनात आलं, मुंबईची हवा दमट, कपाटात कापड कुजलं तर? आणि आमच्याकडे कापड कुजू नये म्हणून काय करतात? जाळी, शिडं, सगळं ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकळतात. मडकं तयारच होतं, भावाची जाळी त्यातून नुकती काढली होती. बुडवलं मी. नवरीचं लुगडं! बुडवलं, आणि वर निश्चिंत होऊन विडी ओढत बसलो. बाहेर काढलं तर — जाळं. जाळ्यासारखं तांबूस-काळपट, आणि वास खारवलेल्या बांगड्याचा. हसा, हसा, मला तेव्हा रडू आलं होतं. आमची घरवाली मागीलदारातून आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "ह्या काय केल्यात? जाळ्याच्या रंगाची व्हकल कोणाच्या दारात उभी रवतली?" व्हकल म्हणजे नवरी हो. दुसरं कापड आणायला वेळ कुठे? तुम्हाला तर आजचा दिवस दिलेला, मध्ये एकच दिवस.

ती तशीच आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला, कात्रीचा आवाज आला. आणि हे — हे जे तुम्ही आता बघताय, हा हिरवा, हा लाल काठ, ही बारीक जर — हे बाजारातलं नाही. हिच्या लग्नातल्या लुगड्याचा पदर आहे. चंद्रावती तिचं नाव. बघा, नावसुद्धा घेतलं मी, पन्नास वर्षांत घेतलं नव्हतं! ते लुगडं ती कधी नेसायची नाही. दिवाळीला उन्हात घालायची आणि परत घडी. का? तुम्ही तरुण, तुम्हाला काय सांगायचं... सवाष्ण गेली तर हिरव्या लुगड्यात जाते ना. त्यासाठी ठेवलेलं. माझ्या आधी जायचं तिने ठरवूनच ठेवलंय, मला विचारलंय कुठे? आणि आता त्याला पदर नाही. पदराशिवाय ती... जाऊ दे. जाऊ दे, आज हसायचा दिवस. मला एवढंच म्हणायचंय की हिरवा नीट यायला पाहिजे. पोपटी नाही, हा असा, आंब्याच्या पानासारखा. त्यावरच सगळं आहे.

काय? येणार नाही? अहो, फोटो काळापांढरा असतो ते मलाही ठाऊक आहे, एवढा अडाणी नाही मी. पण हिरव्याचं काळं वेगळं आणि जाळ्याच्या रंगाचं काळं वेगळं, असं असेल ना? नसतं? जवळजवळ सारखं? म्हणजे ते बुडवलेलं लुगडं नेसवलं असतं तरी... बाईंना कळलंच नसतं? पाठीमागूनसुद्धा नाही? वासही येत नाही फोटोला! अरे देवा. अरे देवा, फोटोवाले, हळू बोला. ती आत आहे. तिला सांगू नका, तुम्हाला शपथ आहे. पन्नास वर्षं जपलेलं कापड माझ्या एका मडक्यापायी — आणि गरजच नव्हती! फोटो पसंत पडला असता, मग सावकाश दुसरं हिरवं आणून शिवलं असतं मी. हे तिला कळलं तर... मी हळूच बोलतोय ना? नाही? मला कमी ऐकू येतं, माझा मला आवाज कळत नाही. तुम्ही खुणा कसल्या करताय? मागे काय? कोण आहे मागे?

...गो, तू कधी इलंस? सगळा ऐकलंस? हसतंस कित्याक? ...काय? तुका ठावक होता? ऐका, फोटोवाले, हिला ठाऊक होतं म्हणे! आपल्या भावाच्या लग्नाचा फोटो बघितलाय हिने, त्यात सगळ्यांची लुगडी राखेसारखी. मगे कापलंस कित्याक गो? ...काय म्हणते बघा. म्हणते, फोटोसाठी नाही कापलं. व्हकल ती, तिला फोटोवाल्यासमोर जाळ्याच्या रंगात उभी कशी करायची? परका माणूस येणार घरात. ...हो, पण तुझा ता लुगडा? जाताना नेसायचा? ...

अशी ही बाई. म्हणते, "चितेर जळाक ठेवलेला ता. त्यापेक्षा मुंबय बघांदे."

...

नाही, मला काही झालं नाही. तुमच्या त्या कॅमेऱ्याला काळं फडकं आहे ना? त्याच्याखाली डोकं घाला बघू. घाला. आणि मी सांगेपर्यंत बाहेर काढू नका.