पडवीतली खाट

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि सांगा, पोट भरलेलं असताना माणसाचा हात फराळाच्या डब्यात का जातो? भूक असते? नसते! मग काय असतं?

ऐका. देवरुखजवळ एक घर. अनघा, तिचा नवरा हेरंब आणि सासूबाई. अनघा बाळंत झाली, तशी सासूबाईंनी रीतीप्रमाणे हेरंबची खाट पडवीत काढली. सव्वा महिन्यासाठी हो! पण बाळ रांगत पडवीत जायला लागलं, तरी खाट तिथंच!

एका सकाळी बाळाला गाणं लावायला अनघानं हेरंबचा मोबाईल उघडला. आणि पडद्यावर नको तसल्या बायकांचे – असू दे, ते कीर्तनात सांगत नाहीत. मागच्या रांगेतले, माना वर करा!

भरवायची पेज वाटीत निवून गेली. अनघाच्या मनात आलं, याला आता मी नकोशी झाले. पोट सुटलंय, केस गळतायत, अंगाला दुधाचा वास. त्या बायकांपुढे मी कोण?

दुसरीनं माहेर गाठलं असतं. ही पडवीत गेली, मोबाईल खाटेवर ठेवला. "मी आवडत नाही का तुला आता?"

हेरंब कानापर्यंत लाल. मग हळूच म्हणाला, "तू दमलेली असतेस. जवळ आलो आणि नको म्हणालीस तर? तिथं कुणी नको म्हणत नाही."

"मग बरं वाटतं?"

"बघेपर्यंत. नंतर ही खाट आणखीच रिकामी वाटते."

"आणि मी आत वाट बघत्येय. मला वाटलं, तुला इथला वारा मानवला."

मंडळी, कळलं? हाताला चाळा मोबाईलचा, मनाला ओढ बायकोची – आणि मधे एक उंबरठा!

तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, "मी कधीची वाट बघत्येय. आत न्या म्हणायची मला लाज, न्यायची तुम्हाला. धर रे खाटेचा तो पाय."

हेरंब एकटाच ओढायला गेला. खाट दारात अडकली! अनघानं दुसरी बाजू उचलून तिरपी केली, तेव्हा कुठं आत आली. खाट टेकते न टेकते तोच बाळ तिच्यावर चढून बसलं.

सवय एका दिवसात सुटली? छे! कंटाळा आला, धास्ती वाटली, की हात खिशाकडे जायचाच. पण आता हेरंब हाक मारायचा, "अनघा, चहा घेतेस?" ती ओळखायची. हातातलं काम ठेवून शेजारी येऊन बसायची.

तेव्हा घरी गेल्यावर एकमेकांचे मोबाईल तपासू नका. आधी खाट कुठंय ते बघा. पडवीत असेल, तर दोघांनी उचला – एकट्याकडून ती दारातून जात नाही.

हं, आता वाजवा टाळ!