चार महिने सगळ्यांसंगं

माहेर माझं शेंदूरजनाघाटचं, वडलांची भिक्षुकी बेताची पन घरचं थोडं वावर होतं, विहिरीवर भाजीपाला होये, तं आमी पोरी अक्षरं शिकायच्या आधी कांद्याचं रोप लावाले शिकलो. लग्न होऊन अचलपुरात आली तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रदेशातच होता, मुंबईकडं गेला नव्हता. सासरही भिक्षुकाचंच, सासरे म्हंजे मामंजी पंचांग सांगत, घरामागं हा एवढा परस अन् त्यात काय, तं एक तुळस अन् दोन कन्हेरी. मी म्हटलं, न्हानीचं पानी फुकट जाऊन राहिलं, मी वाफा करू का? सासूबाई म्हने, कर, पन देवाच्या फुलाले धक्का लावू नको.

काळी माती, काय सांगू तुमाले, वाळली की कांद्याले आवळून धरते, फुगूच देत नाई, म्हनून मी चुलीची राख अन् शेनखत मिसळलं, खूप मिसळलं, बाबांकडून ओल्या फडक्यात रोप आनवलं अन् मार्गशीर्षात लावलं. चैतात पातीच्या माना पडल्या, म्हंजे कांदा तयार झाला, पानी तोडलं, उपटले तं असे लाल अन् गोल. ह्यांनी, म्हंजे मालकांनी, बुक्की मारून एक फोडला, भाकरीसंगं खाल्ला, म्हने, बरं केलं तू. मानूस कमी बोले, पन तेवढं बोलनं मले अजून पुरते.

दुसऱ्या वर्सी कांदा वाफ्यात होता अन् ते टायफॉइडनं गेले. मुलगी मांडीवर. तेरावं झाल्यावर नात्यातल्या बायांनी मले समजावलं, आता कांदा-लसून बंद, विधवेनं खायचा नसते, भिक्षुकाचं घर आहे आपलं. खायचा नसते म्हटलं, लावाचा नाई असं कोनी म्हटलं नाई, तं मी लावत राहिली. दरसाल लावे, निंदे, जुड्या बांधून पडवीत टांगे, सैपाकात चिरे, सगळ्यांच्या ताटात वाढे, अन् माझं ताट कोरडं. जिभेचे चोचले नव्हते ते. मले वाटे, मी ह्या घरातून थोडी थोडी वजा होऊन राहिली.

असे किती साल गेले, अन् एक कांदेनवमी आली. चातुर्मास लागायच्या आधी घरातला कांदा संपवाचा दिवस, झुनका, भजे, थालीपीठ, सगळं कांद्याचं. अमरावतीहून आत्याबाई आल्या होत्या, मामंजींच्या बहीन, लहानपनीच विधवा झालेल्या, जन्मभर नेम पाळलेल्या. मी पानी देले तं माझा हात धरून म्हने, कावून वं, हाताले कांद्याचा वास येऊन राहिला, चोरून खातं काय? मी म्हटलं, चिरला, आत्याबाई. तं म्हने, जे खायचं नाई ते लावतं कायले? मन तिकडंच आहे तुझं. यंदापासून तो वाफा मोडून टाक. मामंजी आयकत होते. आत्याबाई खोटं नव्हत्या बोलत, मन तिकडंच होतं.

सासूबाई चुलीपासून उठल्या. माझं ताट घेतलं, कांद्याचं थालीपीठ वाढलं अन् म्हने, बस, खाय. आत्याबाई म्हने, वहिनी, हे काय? सासूबाई म्हने, उद्यापासून सारं घर चार महिने सोडते, कार्तिकात सारं घर खाते, हे एकटी बाराही महिने कावून सोडीन? माझा पोरगा गेला. मी त्याची माय, मी खाऊनच राहिली ना? माझ्या ताटातून कोनी काढला का? मंग आत्याबाईले हळूच इचारलं, तुमालेही वाढू का? आत्याबाई म्हने, नको वं, मले आता चवच आठवत नाई. मंग आत्याबाईच मले म्हने, थंडं होऊन राहिलं, खाय.

मी खाल्लं. चव कशी लागली ते खरंच ध्यानात नाई. ध्यानात आहे तो दुसरा दिवस. सैपाक बिनकांद्याचा झाला, सगळे जेवाले बसले, सगळ्यांच्या ताटात जे तेच माझ्या ताटात. इतक्या वर्सांत पयल्यांदा मी सगळ्यांसंगं कांदा सोडला, अन् मले इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, काय सांगू.

आता ते कोनी राहिले नाईत. मी मुलीकडं असते, अमरावतीले, तिच्या घरामागं हातभर वाफा लावते. मुलगी म्हनते, आई, ह्या वयात चातुर्मास कायले पाळतं, घरात कोनीच पाळत नाई. मी म्हनते, तुमी खा बापा, पोटभर खा, सुखी राहा. मी सोडीन. सोडाले आधी ते आपलं असावं लागते, अन् मले ते सासूबाईनं देलं.