माझ्याच मापाची बंदूक

मी मूळचा मालवणकडचा, गाव एकदम आत, एसटीतून उतरलं की व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून चालत जायचं. बाबा भातशेती करायचे, आणि आमच्या घराण्याकडे एक मान होता, सातेरी देवीची पालखी जत्रेला देवळाबाहेर निघताना पहिला बार आमच्या घरातल्यानं काढायचा. बार म्हणजे बंदुकीचा, ठासणीची बंदूक असते ना, दारू वरून नळीच्या तोंडातून ठासायची, खांद्याला लावायची आणि आभाळाकडे तोंड करून उडवायची. तो आवाज झाल्याशिवाय भोई पालखीला हात लावत नायत. आजोबांनी काढला, त्यांच्यामागून बाबांनी. बाबा म्हणजे काय सांगू तुम्हाला, असा छातीचा माणूस, ती बंदूक एका दमात खांद्याला. मला बाबा म्हटलं की तेच दिसायचं, अजून तेच दिसतं.

मुंबईला आलो तो काकाकडे, भांडुपला. सुतारकी काकानंच शिकवली. मग मरोळला एका शेटच्या कारखान्यात लागलो. शेट म्हणजे बंदुकांचं रीतसर लायसन असलेला माणूस, मोठ्या लोकांच्या शिकारीच्या जुन्या बंदुका यायच्या दुरुस्तीला, लोखंडाचं काम शेट करायचा आणि दस्ता मी. दस्ता म्हणजे बंदुकीचं लाकूड, जे खांद्याला टेकतं ते. लोकांना वाटतं बंदूक म्हणजे लोखंड, पण माणसाच्या अंगाला लागतं ते लाकूड ना. शेटचा नियम होता, गिऱ्हाईक समोर उभं करायचं, हात दुमडायला लावायचा, कोपरापासून बोटापर्यंत माप घ्यायचं, मान बघायची, खांदा बघायचा, मगच लाकडाला पटाशी लावायची. शिंप्याचं काम आहे ते, फक्त कापड नाय, लाकूड. मोठमोठ्या साहेबांना मी असं उभं केलंय, हात वर करा, मान खाली घाला, आणि ते गप ऐकायचे.

तर गावची जुनी बंदूक गेली. नळीला चीर पडली, पोलीसपाटील बोलला आता ही उडवायची नाय, कुणाचा तरी जीव जाईल. मुंबईत आमच्या गावचं मंडळ आहे, तिथे सगळे माझ्याकडे बघायला लागले, तू बंदुकीच्या कारखान्यात आहेस ना, मग सातेरीला बंदूक कर. मला तर आभाळ ठेंगणं झालं. शेटकडे एक मोठ्या तोंडाची नळी पडून होती, अंगठा आत जाईल एवढी, आतून पिळाची, म्हणजे खरी तर रायफलच. शेट बोलला, घे, देवीचं काम आहे. परवान्याचं, कागदांचं सगळं त्यानं वरपर्यंत जाऊन नीट करून दिलं. बाबांच्या नावावर.

दस्त्याला मी शिसव घेतली. आक्रोड हलका असतो, शेट बोलला आक्रोड घे, पण मला शिसवच पाहिजे होती, काळी, वजनदार, देवीच्या दारात शोभली पाहिजे, लोक बोलले पाहिजेत की झकास. शेट बोलला, मेस्त्री, बुढ्ढे को बुला, खडा कर, नाप ले. मी बोललो, शेट, बाप आहे माझा, त्याचं माप माझ्या अंगावर आहे. आणि खोटं नाय हो, लहानपणापासून गाव बोलायचं, बापाच्या साच्यातून काढलाय. मग मी काय केलं, आरशासमोर उभा राहिलो, माझाच हात दुमडला, माझंच माप घेतलं.

घरी आमची मंडळी बोलली होती. गणपतीत गेलो होतो तेव्हा, बोलली, अहो, मामंजी बारीक झालेत, बंडी खांद्यावरून उतरत होती त्यांची. मी बोललो, तुला काय कळतंय, शेतातली माणसं अशीच असतात. दरवर्षी जात होतो हो मी गावाला! असं नाय की गेलो नाय. पण आता आठवतं ना, तेव्हा बाबा गणपतीची मूर्ती आणायला मला पुढे करायचे, झिला, तू घे, आता तुझो मान. आधी स्वतः आणायचे डोक्यावरून. मग एसटीवरून सामान न्यायलाही शेजारच्याला घेऊन यायला लागले. मला वाटायचं बाबा मला मान देतायत, मी खूश. देत नव्हते, त्यांना उचलत नव्हतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी बंदूक घेऊन पोचलो. बाबांनी मांडीवर घेतली, दस्त्यावरून हात फिरवला, किती वेळ फिरवत होते. मी बोललो, बाबा, उचलून बघा. बोलले, उद्या, देवीच्या म्होरंच. मला वाटलं भक्ती आहे.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली, ढोल वाजले, भोई उभे राहिले. मी स्वतः बंदूक भरून बाबांच्या हातात दिली. सगळा गाव, मुंबईचं मंडळ, बायका, सगळे. बाबांनी उचलली. छातीपर्यंत आली. मग नळी खाली गेली. परत उचलली, दस्ता काखेत अडकला, लांब होत होता ना त्यांना, हात पुढे पोचेना, आणि नळी अशी थरथरायला लागली की पुढची माणसं बाजूला झाली. ढोल थांबले. कोणतरी हसला.

आणि मी काय केलं, सांगायला तोंड नाय मला. बापाच्या हाताखाली हात द्यायचा सोडून मला कसली काळजी, तर लोक बोलतील बंदूक बिघडलेली केली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा बोललो, काय बाबा, खांद्याला नीट लावा ना, लोक बघतायत, वाट लावताय सगळ्याची. हे असं. देवळासमोर. ज्याच्या जिवावर त्या देवळासमोर आमची मान ताठ, त्यालाच.

बाबा माझ्याकडे वळले. राग नव्हता हो, राग असता तर बरं झालं असतं. बोलले, झिला, बंदूक बरी आसा, माकाच झेपना नाय. मग दस्त्यावरून माझ्या हाताकडे बघितलं, आणि बोलले, धर, तुझ्याच मापाची आसा ती.

मी धरली. काय करणार, पालखी खोळंबलेली. खांद्याला लावली आणि अशी बसली, अशी बसली, शेटच्या कुठल्याच साहेबाला एवढी बसली नसेल. बार झाला, डोंगरावरून आवाज परत आला. लोक ओरडले, टाळ्या, मंडळाच्या अध्यक्षांनी पाठ थोपटली, वा मेस्त्री. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पालखी गेली, गर्दी तिच्यामागून गेली, आणि बाबा तिथेच पायरीवर बसून धोतराच्या टोकानं नळीची काजळी पुसत होते. त्यांचा मान मी हिसकावला, आणि तो पण त्यांच्यासाठी बंदूक करतोय असं सांगून.

तेव्हापासून बार मीच काढतो. लोक बोलतात बापासारखा काढतोस. मी खाली बघतो.

आई गेली तसं बाबांना इकडे भांडुपला आणलं. ते बघा, गॅलरीत बसलेत. आल्यागेल्याला सांगतात, माझ्या झिलान सातेरीक बंदूक केल्यान, अशी बंदूक जिल्ह्यात नाय. तुम्हाला पण त्यांनीच सांगितलं असणार, म्हणून तर तुम्ही बंदुकीचं लिहायला आलात. ते सांगायला लागले की मी उठून आत जातो. मंडळी बोलते, बसा की, कौतुक करतायत. कौतुकच तर सोसत नाय ना.

त्या शिसवीचा एक तुकडा उरला होता. परवा त्याची काठी केली त्यांच्यासाठी. ह्या वेळेला म्हटलं, माप घेतल्याशिवाय हात लावायचा नाय. बाबांना भिंतीला उभं केलं, अनवाणी, हात खाली सोडायला लावला. तर काय सांगू, मी फूटपट्टी घेऊन वाकलो तसे बाबा ताठ झाले. छाती काढली, हनुवटी वर. मी बोललो, बाबा, सैल उभे राहा. बोलले, मी असोच उभो ऱ्हवतंय. मी तेच माप घेतलं, दुसरं कसं घेणार. काठी लांब झाली. चालताना खांदा वर जायचा त्यांचा, तरी बोलले, बरोबर आसा.

काल दुपारी जेवून झोपले, तेव्हा मी गुपचूप काठी खालून दोन बोटं कापली, रबराची टोपी परत ठोकली आणि होती तिथे उशाशी ठेवली. उठले, चहा प्यायले, काठी घेतली, गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन आले. बोलले, बघ, आता कशी हाताक बसली, सवयीन सगळा जमता. मी बोललो, होय बाबा.