काळ्या बैलाची शपथ

वर वसणाऱ्या उल्गेना, तुला वंदन; आणि खाली वसणाऱ्या एर्लिक बापा, ज्याच्या दारी एक दिवस साऱ्यांनाच जायचे आहे, तुलाही वंदन. या म्हातारीचे बोलणे गोड मानून घ्या.

— नाही, ताना, पाया पडू नकोस. बैस. चहा घे, मीठ घातलंय. लेक पुन्हा तापली, ‘वन्सं, पुन्हा एकदा खाली एर्लिकबापाकडे उतरा’ म्हणतेस — तुझा नवरा का नाही आला? लाज वाटते? वाटू दे की! माझा पाठचा भाऊ तो. आई गेली तेव्हा या कुदराशला मीच मांडीवर वाढवला.

अगं, एर्लिकबापाला लोक काय देतात, ठाऊक आहे ना? लंगडं, रोडकं, मरायला टेकलेलं — मृत्यूच्या देवाला धडधाकट जनावर कशाला, म्हणून हसतात वर. म्हणूनच बजावलं होतं मी कुदराशला — पोरीचा प्राण मागायचाय, या खेपेला निष्कलंक काळा बैल हवा. तो म्हणाला, ‘देतो, आक्का’ — आईची शपथ घेऊन म्हणाला! आणि आणला काय? कपाळावर पांढरा चांद असलेला थकलेला बैल — त्या चांदावर कढईची काजळी माखून! काळा खोंड राखला स्वतःच्या कळपाला. ‘खाली अंधारात म्हाताऱ्याला काय दिसतंय!’ — असं हसत म्हणाला ना तो? आत्ता तूच सांगितलंस. नको, पुन्हा नको सांगूस.

आणि मी गेले. घोड्याच्या एका केसाएवढा पूल, खाली आसवांची नदी — या वयात, ताना! बापाला दुधाची दारू पाजली. त्याने मिशीवरून हात फिरवला, विचारलं, ‘डाग नाही ना, मुली?’ मुली म्हणाला मला! वर कोण म्हणतं आता मला मुली? मी म्हणाले — नाही. त्याने पोरीचा प्राण माझ्या डफात सोडला, तो घेऊन मी वर आले. तुझी लेक उठून सातूचं पीठ मागू लागली. बारा दिवस. तेवढेच बारा दिवस.

फसवलं कुदराशने — मला, देवाला — काय म्हणालीस? मला कसं कळणार होतं? हो... मला कसं कळणार होतं. बैलाला खुंट्याशी मीच नेलं, कपाळावर हात ठेवून. तळहात काळा झाला. पाहिला मी. पाहिला, नि झग्याला पुसला — अगं, पोर काय तुझ्या एकटीची होती? आणि सख्ख्या भावाला खाली चोर कसं म्हणू...

अशी बघू नकोस. ऊठ. कुदराशला सांग, खोंड घेऊन स्वतः ये, आणि चार माणसांत बोल काय केलंस ते. नाही आला, तरी मी उतरणार आहे. मागायला नव्हे — आधी हे सांगायला, की मी खोटं बोलले. मग बापाच्या मनात येईल ते. मला ठेवून घेतलं, तरी पोरीला सोडेल कदाचित.

रडू नकोस इथे. तुझं घर भरलेलं राहो. हे ऐकतील त्यांचीही घरं भरलेली राहोत, आणि प्रत्येक घरी निजलेल्या लेकराचा श्वास सुखाने वरखाली होत राहो. जा आता. दार ओढून घे.