पाणी गेल्यावर सुटलेली होडी

सुमनबाईंच्या आई, मामा, हापिसातली मंडळी, आनि माझ्या गावच्या बायांनो,

मला बोलायची सवय नाय. टोपलीपुढं बसून ओरडायची सवय हाय, त्याला कोनी बोलनं म्हनत नाय. पन बाईंच्या आई म्हनाल्या, हिरा, तू बोल. म्हनून उभी ऱ्हायले. मध्ये थांबले तर थांबू द्या.

बाई बेलापूरच्या कचेरीत होत्या, ते तुमाला ठाऊक हाय. पन दर शनिवारी दुपारी, आमचा बाजार आटपला की, त्या आमच्या दिवाळे गावात यायच्या. देवळामागच्या खोलीत आमाला अक्षरं शिकवायला. आमी सात बाया. हाताला मासळीचा वास, पाटी धरली की पाटीला वास. बाईंनी कधी नाकाला पदर लावला नाय.

अक्षरं झाली की बाई एक कविता वाचायच्या. पहिली वाचली, मी इचारलं, बाई, म्हंजे काय? दुसरी वाचली, पुन्ना इचारलं, म्हंजे काय? मला वाटायचं, समजलं नाय तर आपन अडानीच ऱ्हायलो.

एकदा बाई हसल्या. म्हनाल्या, "हिराबाई, हळदीला तुमची धवलारीण गाते. त्यातले सगळे शब्द कळतात तुम्हाला?"

बाहेरच्यांना सांगते, धवलारीन म्हंजे आमच्या लग्नात जुनी गानी गानारी बाई. मी म्हनलं, नाय कळत. लय जुने शब्द हायत. तिलाबी कळत नसतील.

"मग रडता कशाला?"

त्या दिवसापासून मी इचारनं सोडलं. कविता संपली की बाई कागद पालथा ठेवायच्या. मंग कोनी बोलायचं नाय. बऱ्याच वेळानं, मनात काय ऱ्हायलं तेवढं सांगायचं. कोनाचा एक शब्द ऱ्हायचा, कोनाचं कायच नाय. कायच नाय म्हनलं तरी बाई मान हलवायच्या. निम्म्या कविता मला अजून समजल्या नायत. पन मासे कापताना तोंडात येतात. येऊ देते.

आता जे बोलायचंय ते बोलते.

एका शनिवारी बाईंनी स्वतःची कविता आनली. वाचता वाचता ओळ आली, "पाणी गेल्यावर होडी सुटली." आनि मी मध्येच बोलले. कागद पालथा व्हायच्या आधी बोलले. म्हनलं, बाई, पानी गेलं की होडी चिखलात बसते. सुटेल कशी? हे खोटं हाय.

सगळ्या हसल्या. बाईसुद्धा हसल्या. कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. पुढं त्यांनी स्वतःचं कधी वाचलं नाय. मी पडले कोळीन, खाडी मला पाठ. केवढी ताठ मानेनं घरी गेले होते मी त्या दिवशी.

मंगळवारी बाईंना स्मशानात पोचवून आले आनि बंदरावर थांबले. पानी पार गेलेलं. सगळ्या होड्या चिखलात, एकबी हलत नव्हती. आनि ती ओळ तोंडात आली. समजली असं मी म्हनत नाय. पन तिथंच चिखलाच्या कडेला बसले नि रडले, हळदीला रडते तशी रडले.

काल बाईंच्या आईंनी मला तो कागद दिला. हाच तो. त्या ओळीवर रेघ मारलीय. बाजूला बाईंनी लिवलंय, "हिराबाई म्हणतात, असं होत नाही." मी वाचलं. बाईंनी शिकवलेल्या अक्षरांनीच वाचलं. कोनाला इचारावं लागलं नाय. इचारावं लागलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

बाई, मी चुकले. तुमी एवढं शिकवलंत, नि तुमच्याच कवितेला मी गप्प बसले नाय. तेव्हा मनात काय ऱ्हायलं ते सांगितलं नाय, ते आज सगळ्यांदेखत सांगते.

"पाणी गेल्यावर होडी सुटली."

आता हा कागद पालथा ठेवते. अर्थ कोनी सांगू नका, कोनी इचारू नका. बाई बसायच्या तसं थोडा वेळ गप्प बसूया.