मागच्या सीटवरचं वजन

बेबीनंदा : दादा, आपल्या गाडीवर तुमच्या मागं मच्छूकाका बसतात का?

दादा : हे कोण म्हणलं तुला?

बेबीनंदा : वर्गातल्या पोरी. पैजच लावली. म्हणल्या, नववीत पहिली काय आली, लई हुशारी करून राह्यली, तर तुझ्या बापाला हे विचारून दाखव. मी म्हणलं, विचारते, त्यात काय. आता उद्या त्यांना काय सांगू?

दादा : सांग, अभ्यास करा म्हणावं.

बेबीनंदा : हे उत्तर झालं न्हाई. चतुराबाईच्या नातीनं सोताच्या डोळ्यांनी पाह्यलं म्हणे. राजूरच्या उतारावर तुम्ही मान वळवून मागं बोलत होते. गाडीवर तर तुम्ही एकटेच.

माय : बेबे, भर दुपारी असलं काही काढू न्हाई. उठ, पाणी भर.

बेबीनंदा : भरलं. तू हँडलला लिंबू-मिरची बांधली ते चालतं, अन् मी नुसतं विचारलं तर वंगाळ.

दादा : बसतो.

बेबीनंदा : काय?

दादा : बसतो म्हणलं. त्या उताराला लागलं की बसतो. ब्रेकचं पायडल दाबतो मी, पुरा दाबतो, तरी गाडी जातच राह्यते. एकट्या माणसाची गाडी अशी जाते का? दोघांचं वजन असलं की जाते. मंग मी म्हणतो, मच्छिंद्र, उतर बाबा आता. नाल्याचा पूल ओलांडला की थांबते.

बेबीनंदा : पुलाच्या पुढं चढ आहे, दादा. चढाला कोणचीबी गाडी थांबंल.

दादा : शाळेत हेबी शिकवून राह्यले का?

बेबीनंदा : शाळेत न्हाई, भिवा मिस्त्रीकडं. राजूरला एसटीची वाट बघत रोज तासभर बसावं लागतं अन् त्याचं दुकान स्टँडला लागूनच. पहिले दिवस मी नुसती पाने उचलून देत होते. आता म्हणतो, चल बेबी, हा ब्रेक तूच बसव. चार गाड्यांचे बसवले मी. एक तर सर्जेराव मास्तरांची गाडी, त्यांना अजून ठाऊक न्हाई.

माय : अगं बाई. अन् मी समजते, पोरगी तिथं पुस्तक वाचत बसते.

बेबीनंदा : तेबी वाचते. पण ऐका ना. भिवा म्हणतो, तुझा बाप दर महिन्याला येतो, ब्रेकचा नट आवळून घेतो, अन् चाक उघडतो म्हणलं की गाडी घेऊन निघतो. काहून, दादा?

दादा : असंच.

बेबीनंदा : मी त्याच्याकडून पाने आणलेत. नवे ब्रेक शू बी आणलेत. उघडू?

दादा : नको.

बेबीनंदा : पण का?

दादा : दुरुस्त झाला, अन् तो उतरून गेला, तर?

माय : अहो.

दादा : तीन वर्सं झाली माझा भाऊ जाऊन. भूकंपाच्या सालची संकष्टी चतुर्थी. घरात त्याचा फोटो आहे, पण फोटोशी मला बोलता येत न्हाई. दुसरीकडं कुठं भेटतो तो मला?

माय : तुम्हाला भेटतो. अन् मी इथं दारात उभी असते. तुम्ही राजूरला गेले की परत येईस्तोवर घोटभर चहा जात न्हाई माझ्या घशाखाली. एक तर याच गाडीवर गेला त्या उतारावर. दुसऱ्याला बोलावून राह्यला असंल तर? उघडू द्या पोरीला.

दादा : उघड मंग. बराबर परत लाव म्हणजे झालं.

बेबीनंदा : आधी पायडल दाबा. हातानं. कसं लागतं?

दादा : कडक.

बेबीनंदा : कडक लागतं म्हणजे दांडी बराबर ओढते, सांधे ठीक आहेत. अन् हा नट बघा, शेवटच्या आट्यावर आलाय. याच्या पुढं आवळायला जागाच न्हाई. ओढ पोचते पण चाक धरत न्हाई. म्हणजे खोट बाहेर न्हाई, आत आहे.

दादा : आत म्हणजे?

बेबीनंदा : चाकाच्या मधात हा डबा असतो ना, ड्रम. त्यात दोन चंद्रकोरी असतात, तेच शू, त्यांना लायनर म्हणजे घासायचा पट्टा चिकटवलेला. तुम्ही पायडल दाबलं की त्या फाकतात अन् ड्रमला आतून घासतात. झिजल्या असतील न्हाईतर भाजून गुळगुळीत झाल्या असतील. तुम्ही आख ओढा, मी चाक धरते. माय, ते पोतं टाक इथं.

(मागचं चाक पोत्यावर आडवं पडलंय. झाकण निघतं, तिघंही वाकून आत बघतात.)

बेबीनंदा : लायनर झिजला तर अजिबात न्हाई. नवाच्या नवा आहे. मंग हे काळं काय? दादा, वास घ्या. हे ग्रीस न्हाई.

माय : बघू. हे तर एरंडेल आहे. एरंडेल अन् जळका कडबा. बैलगाडीचं वंगण आहे हे, माझ्या सासऱ्यानं जन्मभर केलं, मी ओळखीन ना.

बेबीनंदा : लायनर पिऊन बसलाय सगळं. नखानं खरवडलं तरी आतून तेलच येतंय. हा कसा धरणार? नट कितीबी आवळा, घसरणारच. पण मोटारसायकलच्या चाकात वंगण कोण घालतं? भिवाकडं वंगणाचा बांबूचा नळाबी न्हाई.

दादा : मी.

बेबीनंदा : तुम्ही?

दादा : खंडेनवमीला. माझा बाप म्हणायचा, कोरड्या आखाची पूजा करू न्हाई. आधी वंगण, मंग हळद-कुंकू. बैलगाडी विकून ही आणली. खंडेनवमीला चाक काढलं तर आत आख. म्हणलं, हिलाबी आख आहे. जुना नळा खुंटीला तसाच होता, अर्धा भरलेला. चांगलं बोट बोट भरलं दोन्ही बाजूंनी. मच्छिंद्रानंच चाक धरलं होतं.

बेबीनंदा : कोणत्या साली?

दादा : गाडी घेतली त्याच साली. पुढं दर साली.

बेबीनंदा : म्हणजे भूकंपाच्या साली. खंडेनवमीनंतर संकष्टी किती दिवसांनी येते, माय?

माय : बस झालं, बेबे.

बेबीनंदा : दहा दिवसांनी येते. ब्रेक लावला की ड्रम तापतो. तापला की वंगण पातळ होतं अन् वाहत लायनरवर येतं. लोक म्हणतात, काकांनी ब्रेक लावलाच न्हाई, झपाटल्यासारखे सरळ नाल्यात गेले. त्यांनी लावला असंल, दादा. पुरा पाय देऊन लावला असंल.

दादा : अन् मी तीन वर्सं त्याला उतर, उतर म्हणून राह्यलो.

माय : तुम्हाला काय ठाऊक होतं? पूजा म्हणून केलं तुम्ही. देवालाबी ते माहीत आहे. बेबे, नवीन घाल, चाक बसव, अन् हे काळं चुलीत टाक. पुन्हा हा विषय नको. पुंजारामानं भाऊ मारला म्हणायला गाव कमी करणार न्हाई.

बेबीनंदा : अन् सोनूकाकू?

माय : तिचं काय?

बेबीनंदा : मच्छूकाकांना राजूरच्या गणपतीला तिनं पाठवलं. नवसाचे मोदक घेऊन. म्हणून आपण तिला पांढऱ्या पायाची म्हणलो अन् घालवली.

माय : सगळेच म्हणले.

बेबीनंदा : पहिलं कोण म्हणलं?

माय : तू लहान होतीस.

बेबीनंदा : बारा वर्सांची होते. पिठाच्या डब्यामागं बसले होते.

माय : मी म्हणले. तेराव्याला. बायका बसल्या होत्या अन् तोंडातून निघून गेलं. वाटलं, भांडंल, मला दोन शब्द बोलंल. ती काहीच न्हाई बोलली. गाठोडं बांधलं अन् भावासंगं माहेरी, माहोऱ्याला गेली.

दादा : मी ओसरीत होतो. ऐकलं मी. गप राह्यलो.

बेबीनंदा : मला अंगारकीला दिसली होती ती, राजूरच्या देवळाबाहेर. मी धावत गेले, पाया पडायला वाकले, तर मागं सरकली. म्हणली, दुरूनच पड पोरी, माझी सावली नको तुझ्यावर. चिडून न्हाई म्हणली, माय. माझ्या काळजीनं म्हणली. तिला खरंच वाटतं, तिनंच मारलं.

माय : हे तू कधी सांगितलं न्हाई.

बेबीनंदा : घरात तिचं नाव निघालं की तुम्ही दोघं उठून जाता. कुणाला सांगू? ती चिंधी दे. पेट्रोलनं ड्रम धुते, पॉलिश पेपर मारते. आखाजवळचं सगळं काढावं लागंल, न्हाईतर नवीनबी पिऊन बसतील.

दादा : मी काढतो. मी भरलं, मीच काढतो.

बेबीनंदा : तिकडं खाचेत राह्यलं. हां. आता चाक लावा. नट मी आवळते. चाक मोकळं फिरलं पाहिजे अन् पायडल दोन बोटं खाली गेलं की धरलं पाहिजे. फिरवा. दाबते. बघा, जागच्या जागी.

दादा : जाऊन येतो.

माय : कुठं?

दादा : उतारापर्यंत.

माय : बेबे, अडव त्यांना.

बेबीनंदा : जाऊ दे, माय. ब्रेक मी बसवलाय.

माय : तू बसवलाय म्हणूनच सांगून राह्यले. गेले बघ.

बेबीनंदा : ये, बस इथं.

माय : सोनूच्या हातची भाकर लई पातळ व्हायची. तुला आठवत असंल.

बेबीनंदा : आठवते.

माय : आता ती दुसऱ्याच्या घरात भाकरी थापते. भावजय कशी आहे, देव जाणे. तू तिला यातलं काही बोलशील?

बेबीनंदा : आवाज आला. दादा आले. दादा, धरला का?

दादा : धरला. उताराच्या मधातच उभी केली. पाय टेकवून उभा राह्यलो थोडा वेळ.

माय : मागं?

दादा : मागं कुणीच नव्हतं. मी दोनदा हाक मारली. नुसता वारा. लई सुनं वाटलं.

बेबीनंदा : दादा, आधी पाणी घ्या.

दादा : बेबे, तुझ्या माईचं खरं आहे. हे आपल्या तिघांत राहू दे. तो तर येत न्हाई आता. कुणाला सांगून काय होणार?

बेबीनंदा : काकांचं काहीच होणार न्हाई. काकू जिती आहे. तुम्ही दोघं ऐका, मी ठरवलंय. उद्या शाळा सुटली की मी घरी येणार न्हाई, माहोऱ्याला जाणार. हे जुने शू धुतले न्हाईत मी, तसेच फडक्यात बांधलेत. तिच्यापुढं ठेवीन अन् जे पाह्यलं ते सांगीन. तुम्ही रागवा, मारा, मी जाणारच. माझी एसटी तिथं साडेपाचला पोचते. त्याच्या आधी तुम्ही दोघं जाऊन आले, तर मला काही बोलावं लागणार न्हाई.