रक्षाची गाठ

बायको सुलोचना गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दुपारी हरिदास वर्ध्याच्या दवाखान्यात बाकावर सुन्न बसला होता. शेजारी सफाईवाल्या दोघी डबा खात होत्या.

“काऊन वं रक्षा, छातीतली गाठ दाखवली नाई?”

“ठेकेदार म्हणे, सुट्टी घेतली तं येऊच नको.”

“अन् नवरा?”

“बिनकामाचा घरी बसून राह्यते, पण हुकूम त्याचाच. म्हणे, ठेकेदाराले इचार.”

“काल शिबिरात मोठ्या म्याडम तं सांगून राह्यल्या, सारं आपल्याच मनावर असते.”

“त्याईचं मन पर्मनंट हाय, माय. आपलं ठेक्यावरचं.”

“गाठ तं तुही हाय ना?”

“तेवढीच माही.”

दोघी हसल्या. तपासणीची खोली समोरच होती. डबा आटोपून रक्षानं त्या खोलीच्या दारापुढची फरशी पुसली आणि ती पुढं गेली. गाठ दाखवायची राहिली.